त्रिंबकरावांचा शेरा

ज्या साहेबाच्या हाताखाली मी मोजणीचं काम शिकलो, त्या साहेबाला मी नोकरीला लागलो तेव्हा वारून कितीतरी वर्षं झाली होती. नक्की किती, ते मला माहीत नाही. त्यांचं आडनावही माहीत नाही. सही फक्त ‘त्रिंबक गणेश, मोजणी कामगार’ एवढीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, निजाम सरकारच्या चाकरीत, कन्नडकडच्या शिवारांत शेत न् शेत पायी फिरून मोजणारा हा माणूस. फोटो नाही, पुतळा नाही, एखाद्या गल्लीला नाव नाही. पण ‘नोकरीत भेटलेल्या मोठ्या माणसावर लिहा’ असं दिवाळी अंकवाल्यांनी म्हटल्यावर मला मंत्री आठवले नाहीत, कलेक्टर आठवले नाहीत. हेच आठवले.

मी सरकारी मोजणीदार. हयात त्यात गेली. म्हणजे करायचं काय, तर दोन शेतकऱ्यांचं बांधावरून वाजलं की अर्ज येतो, आम्ही जुना नकाशा घेऊन जागेवर जातो आणि हद्द कुठं आहे ते दाखवतो. लोकांना वाटतं, मोजणीदार पिशवीत जमीन घालून आणतो आणि ज्याच्यावर खूश होईल त्याला देतो. त्यात माझं आडनाव कुलकर्णी. गावात पाऊल टाकायच्या आधीच निम्मं गाव संशयानं बघणार, याच्या पणजोबानंच घोळ घालून ठेवला असंल!

आमच्यात एक शिस्त होती. मोजणी संपेपर्यंत कुणाचा चहा घ्यायचा नाही. एकाचा प्यालो की दुसरा लगेच वर तक्रार करणार. एकदा दोन सख्खे भाऊ दिवसभर माझ्या मागंमागं, एकेकाच्या हातात एकेक थर्मास. मी डावीकडं वळलो की धाकटा पुढं, उजवीकडं वळलो की थोरला. दुपारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आणा पातेलं! दोघांचा चहा त्यात ओतायला लावला, आधी त्यांना प्यायला लावला, मग मी प्यालो. बांध काही त्या दिवशी मिटला नाही, पण भाऊ एका पातेल्यातलं प्यायले हे पुष्कळ झालं.

शहरातली गिऱ्हाइकं त्याहून भारी. मी शहरातल्या गारखेडा भागात राहतो. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी होते. दर दिवाळीला स्वतःचा प्लॉट टेपनं मोजायचे. एका वर्षी बोटभर कमी भरला. सकाळी सातला माझ्या दारात. ‘कुलकर्णी, शेजाऱ्यानं भिंत सरकवली!’ जाऊन बघतो तर गुरुजींनी स्वतःच कंपाउंडच्या भिंतीला आतून जाडजूड गिलावा करून घेतलेला. जागा गिलाव्यानं खाल्ली होती. हे सांगितल्यावर गुरुजी माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत.

तर त्रिंबकराव. त्यांची माझी ओळख टिपणांतून झाली. टिपण म्हणजे शेताचं कच्चं चित्र. मोजणीदारानं जागेवर बसून काढलेलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची मापं लिहिलेलं. आज कुठलाही वाद झाला तरी शेवटी आम्ही त्याच जुन्या टिपणाशी येऊन थांबतो. कागद पिवळे, कडा झडलेल्या, अक्षर मोडी. चाळिशी उलटल्यावर मी मोडी शिकलो ती फक्त या माणसासाठी. कारण आकृतीच्या पाठीमागं हे गृहस्थ काहीबाही लिहून ठेवायचे आणि ते मला वाचता येत नव्हतं. रेकॉर्ड रूम सांभाळणारे रफिकभाई मला चिडवायचे. ‘लोगां उर्दू सीखते आशिकी के वास्ते, अन् तुम मोडी सीख रहे बांध के वास्ते. हौला हो गया ये आदमी!’

पहिला शेरा मला अजून तोंडपाठ आहे. ‘दुपारी साखळी तपासली. एक कडी लांब. सकाळपासूनचे सर्व माप रद्द. फिरून मोजले. चूक माझी.’

वाचणाऱ्याला यात काय विशेष वाटणार नाही, म्हणून सांगतो. तेव्हा तेहतीस फुटांच्या लोखंडी साखळीनं मोजायचे. ओढून ओढून तिच्या कड्या उघडतात, साखळी लांबते आणि सगळी शेतं कागदावर लहान होतात. कुणाला कळतही नाही. त्रिंबकरावांना विचारणारं तिथं कोण होतं? मोठा साहेब दोन दिवसांच्या वाटेवर. शेतकऱ्याला वाचता येत नाही. तरी या माणसानं उन्हातान्हात अर्धा दिवस फिरलेलं सगळं खोडलं, पुन्हा फिरला आणि वर लिहूनही ठेवलं. आमच्या खात्यात चूक कुणी करतच नाही हो. चूक ‘झाल्याचे निदर्शनास येते’. ‘माझी’ हा शब्द मी सरकारी कागदावर तेव्हा पहिल्यांदा वाचला.

मग नादच लागला. शेऱ्याशेऱ्यांतून माणूस दिसायला लागला. ‘आज ताप. दोन शेते झाली.’ ‘ओढ्यास पाणी. पलीकडील उद्या.’ ‘पाटील म्हणतात विहीर आत घ्या. घेतली नाही. पाटलांनी मुक्कामास जागा दिली नाही. देवळात निजलो.’ एका ठिकाणी नुसतं, ‘घरून पत्र आले. काम केले नाही.’ त्यापुढची चार पानं अक्षर थरथरलेलं आहे. काय होतं त्या पत्रात देव जाणे. पण त्या चार पानांवरचा एकही आकडा चुकलेला नाही. मी शेतात जाऊन तपासलेत. आपण दुखण्याखुपण्याच्या रजा टाकणारी माणसं, अशा माणसापुढं काय बोलणार?

आणखी एक खोड होती त्यांना. दोन शेतांच्या कोपऱ्यावर दगड पुरायचा ही सगळ्यांचीच रीत. हे मात्र महत्त्वाच्या दगडाचं दुसरंही एक माप घ्यायचे. बारवेचा कोपरा, मोठा खडक, असं जे कुणाच्या बापाला हलणार नाही, त्यापासून दगड किती लांब, ते पाठीमागं लिहून ठेवायचे. त्याला ते साक्षीचं माप म्हणत. उद्या दगड गेला तरी जागा सापडावी म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. सांगायला जड जातं, पण सांगतो.

नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. अंगात मस्ती होती. घाटाच्या अलीकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. रायभान नावाचा धनगर होता. मेंढरं होती, थोडं शेत होतं आणि शेताच्या कडेला बापानं खणलेली विहीर. शेजारचं शेत भाऊराव पाटलांचं. भाऊरावांनी अर्ज दिला, विहीर आमच्या हद्दीत येते. मी गेलो. मोजणी सुरू करायला पक्का दगड हवा. गावानं रस्त्याकडेचा दगड दाखवला. शेंदूर लावलेला, ओट्यावर बसवलेला, गावचा म्हसोबा. मी मनात म्हटलं, याच्याहून पक्का दगड कुठला? माणसाच्या दगडाला माणूस हलवील, देवाला कोण हलवणार? बूट काढले, नारळ फोडला, पाया पडलो आणि तिथून मोजायला लागलो.

माप निघालं ते असं, की रायभानच्या बांधावरचा दगड भाऊरावांच्या हद्दीत पंचवीस पावलं आत होता. म्हणजे विहीर गेली. आणि दुसरा अर्थ गावानं आपोआप काढला, रायभाननं दगड सरकवला.

रायभान माझ्यापुढं उभा राहिला. उंच, वाळका माणूस, खांद्यावर घोंगडी. ओरडला नाही, शिवी दिली नाही.

‘साहेब, म्या दगडाला हातबी लावला नाय. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो.’

मी काय म्हणालो असेन? ‘कागद खोटं बोलत नाही, रायभान.’ असं म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यानं फेरमोजणी मागितली. दुसरे अधिकारी आले, त्यांनीही त्याच देवापासून मोजलं, तेच निघालं. संपलं. विहिरीचं दुःख तो गिळून बसला असता. पण धनगराचं पोट मेंढरांवर असतं आणि मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवावी लागतात. लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी आग्रहानं बोलावतात, वर धान्य देतात. गावानं रायभानला बोलवायचं बंद केलं. बांध सरकवणाऱ्याला रानात कोण उतरू देईल? पाच-सहा वर्षांत मेंढरं विकली गेली आणि त्यानंतर रायभानही गेला.

त्याची बायको धुरपताबाई. ती दर वर्षी शहरात आमच्या कचेरीत यायची. अर्ज द्यायची आणि पोच मिळेपर्यंत जिन्यापाशी बसून राहायची. मी तिला चुकवून मागच्या दारानं जायचो. एकदा गाठलंच तिनं. मी म्हटलं, ‘बाई, विहिरीचं आता काही होणार नाही. दोनदा मोजून झालं.’

‘हीर ऱ्हाऊ द्या वो साहेब,’ ती म्हणाली. ‘हिरीला काय करू? त्यांचं नाव चोरीत गेलं, तेवढं काढा. नातवाला शाळंत पोरं चोराचा म्हणत्यात.’

मी मान हलवली आणि निघून आलो. काय करणार होतो? मला तर मनापासून वाटत होतं की रायभाननंच दगड सरकवला.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा जुनी टिपणं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. मोडी वाचणारा मीच, म्हणून मला तिथं बसवलं. रफिकभाई गठ्ठे सोडत, मी पानं तपासत. एक दिवस त्या गावाचा गठ्ठा आला. ते शेत आलं. तरुणपणी मी गेलो होतो तो आकृतीची नक्कल घेऊन. पाठीमागचं कुणी उतरवून दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. पान उलटलं. पाठीमागं त्रिंबकराव होते.

‘सदर दगडास कोणी गुलाल लाविला आहे. जागा वाटेची आहे. पुढे देव होईल व लोक सोयीने हलवितील. सबब ओढ्यातील खडकास उखळ आहे, तेथून माप घेऊन ठेविले असे.’ खाली आकडे.

मी ते तीनदा वाचलं. काय माणूस! चिमूटभर गुलाल बघितला आणि पुढच्या शंभर वर्षांचं ओळखलं. आणि मी? माझ्यापुढं अख्खा शेंदराचा गोळा होता, तरी ओळखलं नाही.

रविवारी मी एसटीनं कन्नड, तिथून जीपनं गाव गाठलं. ओट्यापाशी एक म्हातारा बसला होता. विचारलं, ‘बाबा, देव पहिल्यापासून इथंच का?’

‘नाय वो. रस्ता रुंद केला तवा गाडीखाली यायला लागला. मंग वाजत-गाजत आणला की हिकडं. गावजेवण झालं, लई दांडगं.’

‘अहो, मग मोजणीच्या वेळी बोलला का नाही कुणी?’

म्हाताऱ्यानं मला ओळखलं. ‘तुमी इचारलं कुठं? तुमी तर नारळ फोडला अन् साखळी लावली.’

खरं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ओढ्यात उतरलो. खडक होता, त्यात कोरलेलं उखळही होतं. टेप लावून माप घेतलं. दगडाची मूळ जागा ओट्यापासून पंचवीस पावलं पलीकडं निघाली, रस्त्याच्या मधोमध. मी तिथंच ओढ्याच्या काठाला बसलो. 

आता कुणी म्हणेल, मग लगेच अहवाल लिहिला असेल. नाही लिहिला. पंधरा दिवस ते पान माझ्या कपाटात पडून होतं. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? रफिकभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ‘कायकू लिखते साब? चुपचाप रिटायर हो जाओ. चौकशी लगी तो बुढापे में चक्करां काटते बैठोगे.’ मग तेच म्हणाले, ‘लेकिन वो बाई आती ना साब हर साल... मैं उसको पानी देता हूं.’ एवढंच बोलले आणि गठ्ठा बांधायला लागले.

त्याच दुपारी अहवाल लिहिला. खाली लिहिलं, ‘चूक माझी.’ कचेरीतले साहेब तरुण होते, भले होते. म्हणाले, ‘कुलकर्णी, हे माझी-बिझी काढा. तत्कालीन कर्मचाऱ्याची चूक, असं करा.’

म्हटलं, ‘साहेब, तत्कालीन कर्मचारी मीच आहे.’

नोटीस निघाली, खुलासा द्यावा लागला. नात्यातल्यांनीही वेड्यात काढलं. ते असू द्या.

स्वतःची मोजणी स्वतः तपासायची नाही असा नियम, म्हणून देशमुख नावाचा नवा मोजणीदार नेमला. मी सोबत गेलो. त्याच्याकडं उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र. उखळापासून सुरुवात केली. तासाभरात यंत्रानं जागा दाखवली आणि देशमुखनं खाली बघितलं. बांधावरचा जुना दगड त्याच्या बुटाच्या शेजारी होता. वीतभर अंतर. कड्यांची साखळी ओढत, पायी फिरून, तापात मोजणाऱ्या माणसाचं माप आणि आभाळातल्या यंत्राचं माप, यात वीतभर फरक! देशमुख म्हणाला, ‘साहेब, हे कोण होते?’ मी म्हटलं, ‘माझे साहेब.’

रायभानचा दगड रायभानच्याच जागी होता. विहीरही त्याचीच होती.

मग बांधावर बसून पंचनामा लिहिला. जागेवर काय दिसलं, कुठून मोजलं, हे सगळं लिहायचं आणि हजर असलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवून सह्या घ्यायच्या, अशी रीत. पंचवीस-तीस माणसं जमली होती. भाऊराव आता पिकले होते, काठी टेकून उभे होते. देशमुखनं वाचलं. सर्व्हे नंबर, दिशा, अंतर, ‘दगड मूळ जागेवर आढळून आला’. संपलं.

धुरपताबाई म्हणाली, ‘यात त्यांचं नाव नाय.’

‘मावशी, नाव नसतं यात. जागेचा पंचनामा आहे हा,’ देशमुख म्हणाला.

‘मंग मला नगं. अंगठा देत नाय मी.’

ती उठून उभी राहिली. एवढी वर्षं जिन्यापाशी बसली ती बाई, विहीर परत मिळत होती आणि ती नको म्हणत होती. मी देशमुखच्या हातातलं पेन घेतलं. तो म्हणाला, ‘साहेब, पंचनाम्यात असं लिहीत नाहीत.’ म्हटलं, ‘माहीत आहे मला.’ सह्यांच्या वर जागा होती तिथं लिहिलं. ‘मयत रायभान यांनी दगड हलविला नव्हता. मोजणी माझी चुकली होती.’ खाली माझी सही, पूर्ण नावानिशी. मग उभं राहून मोठ्यानं वाचलं.

 भाऊराव काठी टेकत पुढं आले, पेन मागितलं, सर्वांत आधी सही केली. पेन परत देईनात. माझ्याकडं बघून म्हणाले, ‘मी त्याच्या मातीलाबी गेलो नाय, साहेब. दारावरून नेला. मी दार लावून घेतलं.’

 त्यांचं दार खरं तर माझ्या मोजणीनंच लावलं होतं.

धुरपताबाईनं अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं आणि भाऊरावांना म्हणाली, ‘माती तर झाली, दाजी. घरात फोटू हाय. चला, त्येला सांगा.’

भाऊराव निघाले. बांध ओलांडताना तिनं त्यांना हात दिला. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी पंचनामा घेऊन मी मागं गेलो. पत्र्याचं घर, भिंतीवर रायभानचा फोटो, घोंगडी खांद्यावर तशीच. भाऊरावांनी हात जोडले. नुसते ओठ हलत राहिले.

धुरपताबाई माझ्याकडं वळली. ‘मंग तुमी वाचा.’

मी पंचनाम्याची घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, सावकाश, रायभानला वाचून दाखवला.